पहिला वर्ग : आकाशातील चौरस फुटांचा हिशेब

मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाचा पास काढणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दुसऱ्या वर्गातील प्रवाशाच्या तुलनेत तो चर्चगेटला एक मिनिटही आधी पोहोचणार नसतो. गाडी तीच, रूळ तेच, सिग्नलही तेच. तरीही तो कित्येक पट पैसे मोजतो, ते डब्यातील थोड्याशा मोकळ्या जागेसाठी.

आंतरराष्ट्रीय विमानाच्या पहिल्या वर्गाचे गणितही मुळात हेच आहे. फरक इतकाच, की तेथे मोकळ्या जागेचा भाव कोणत्याही महानगरातील जमिनीला लाजवील असा असतो. बंद होणारे दार, अंथरलेला पलंग, मागाल तेव्हा जेवण, हजारो फूट उंचीवर शॉवर अशा सुखसोयींची वर्णने आपण वाचतो आणि थक्क होतो. पण गंमत अशी, की ज्या काळात या वर्गाचा थाट शिगेला पोहोचला, त्याच काळात जगातील बहुतेक विमान कंपन्यांनी तो गुंडाळण्यास किंवा आक्रसण्यास सुरुवात केली. हे कोडे सोडवायचे, तर विमानाकडे वाहन म्हणून पाहण्याऐवजी एखाद्या इमारतीसारखे, चौरस फुटांच्या हिशेबाने पाहावे लागते.

एकाच वर्गाचे विमान

प्रवासी विमानसेवेच्या सुरुवातीच्या काळात वर्गांची भानगड फारशी नव्हती. तिकीटच इतके महाग असे, की विमानात चढणारा प्रत्येक जण आपोआपच 'वरच्या वर्गातला' ठरे. ८ जून १९४८ रोजी 'एअर इंडिया इंटरनॅशनल'च्या 'मलबार प्रिन्सेस' या कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनकडे उड्डाण केले. त्यातील प्रवाशांत संस्थानिक, उद्योगपती अशी मंडळी होती. सामान्य माणूस तेव्हा बोटीने विलायतेला जाई.

१ मे १९५२ रोजी अटलांटिक महासागरावरील मार्गांवर स्वस्त 'टुरिस्ट' वर्ग सुरू झाला आणि विमानात खऱ्या अर्थाने दोन वर्ग पडले. १९५८ मध्ये त्याहून स्वस्त 'इकॉनॉमी' वर्ग आला. मूळचा वर्ग मग साहजिकच 'पहिला' झाला. जानेवारी १९७० मध्ये पॅन ॲमने बोइंग ७४७ सेवेत आणले. या अवाढव्य विमानात इतकी जागा होती, की तिचे करायचे काय, असा प्रश्न कंपन्यांना पडला. अनेकांनी वरच्या छोट्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी बैठकीची सोय केली. एअर इंडियाचे पहिले ७४७ 'एम्परर अशोक' १९७१ मध्ये दाखल झाले. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेले हे विमान म्हणजे आकाशातला राजवाडा, अशी त्याची जाहिरात होती.

तरीही त्या राजवाड्यातील पहिल्या वर्गाचे आसन म्हणजे एक ऐसपैस, मागे रेलणारी खुर्चीच होती. प्रवासी रात्रभर बसूनच असे. फक्त जरा आरामात बसे.

मधल्या वर्गाचा जन्म

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एक नवीच तक्रार पुढे आली. सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट झाला होता. कंपनीच्या कामासाठी ऐनवेळी पूर्ण भाडे भरून जाणाऱ्या अधिकाऱ्याला इकॉनॉमीत निम्म्या पैशांत सहलीला निघालेल्या प्रवाशाशेजारी बसावे लागे. पूर्ण पैसे देऊन आपल्याला अधिक काय मिळते, हा त्याचा प्रश्न रास्त होता. १९७८-७९च्या सुमारास पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास आदी कंपन्यांनी अशा प्रवाशांसाठी वेगळा विभाग केला. हाच पुढे 'बिझनेस क्लास' झाला.

सुरुवातीला तो इकॉनॉमीचाच जरा सुधारलेला भाऊ होता. पहिल्या वर्गाला त्याच्यापासून काही धोका असेल, असे कोणाला वाटले नसावे. प्रत्यक्षात पहिल्या वर्गाचा खरा स्पर्धक याच मधल्या वर्गातून उभा राहिला.

पलंगाची शर्यत

नव्वदच्या दशकाच्या मध्यास ब्रिटिश एअरवेजने पहिल्या वर्गात पूर्ण सपाट होणारा पलंग आणला. पहिल्या वर्गाच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा बदल म्हणावा लागेल. रात्रीच्या लांबच्या प्रवासात माणसाला खरोखर हवी असते ती झोप. शॅम्पेन, कॅव्हियार, चांदीचे काटे-चमचे या गोष्टी त्यानंतरच्या. आडवे पडून झोपता येते म्हटल्यावर या वर्गाच्या भाड्याला प्रथमच ठोस कारण मिळाले.

मात्र हे कारण फार काळ टिकले नाही. २००० मध्ये त्याच ब्रिटिश एअरवेजने बिझनेस क्लासमध्येही सपाट पलंग दिला. शेजारच्या दोन आसनांची तोंडे परस्परविरुद्ध दिशांना करून त्यांनी ही जागा काढली. पाठोपाठ इतर कंपन्यांना तेच करावे लागले. कंपनीच्या खर्चाने लंडनला निघालेल्या अधिकाऱ्याला बिझनेस क्लासमध्ये आडवे होता येत असेल, तर कंपनीच्या हिशेबनिसाने पहिल्या वर्गाचे बिल का मंजूर करावे?

पहिल्या वर्गाला स्वतःचे वेगळेपण नव्याने शोधणे भाग पडले. २००३ मध्ये एमिरेट्सने एअरबस ए३४०-५०० विमानात आसनाभोवती भिंती उभ्या करून दार बसवले आणि 'सूट' हा शब्द विमानात आणला. सिंगापूर एअरलाइन्सने २५ ऑक्टोबर २००७ रोजी जगातील पहिले ए३८० हे दुमजली विमान सिंगापूर ते सिडनी मार्गावर उडवले. त्यात असे १२ सूट होते आणि मधल्या दोन सूटमधील पडदी खाली केली, की दुहेरी पलंग तयार होई. त्या पहिल्या उड्डाणाच्या तिकिटांचा लिलाव करून रक्कम धर्मादाय कामांना देण्यात आली. २००८ मध्ये एमिरेट्सने आपल्या ए३८० मध्ये पहिल्या वर्गासाठी दोन शॉवर दिले. प्रत्येक प्रवाशाच्या वाट्याला पाणी येते ते पाच मिनिटांचे. पाण्याचा प्रत्येक लिटर वाहून नेण्यासाठी इंधन जाळावे लागते, हे लक्षात घेतले तर पाच मिनिटे ही चैनच आहे.

या शर्यतीचा कळस २०१४च्या अखेरीस इतिहादने गाठला. अबू धाबी-लंडन मार्गावरील ए३८० मध्ये बैठकीची खोली, शयनगृह आणि शॉवरसह स्नानगृह असलेले 'द रेसिडन्स' सुरू झाले. त्याचे क्षेत्रफळ १२५ चौरस फूट. मुंबईकराला हा आकडा लगेच समजेल. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे जगातील सर्वांत आलिशान विमान-निवास आपल्या चाळीतील एका खोलीहून लहान होता! पण जमिनीवरची खोली आणि आकाशातली खोली यांच्या भावात फरक असतो, आणि तोच या व्यवसायाचा गाभा आहे.

कार्पेट एरियाचा प्रश्न

इकॉनॉमीतील एका आसनाची रुंदी हातांसह सुमारे दीड फूट असते. एका आसनापासून पुढच्या आसनापर्यंतचे अंतर साधारण ३२ इंच. म्हणजे मधली वाट सोडली, तर एका प्रवाशाच्या वाट्याला जेमतेम चार चौरस फूट जागा येते. एमिरेट्सने २०१७ मध्ये बोइंग ७७७ साठी नवे सूट सादर केले. त्यातील एक सूट सुमारे ४० चौरस फुटांपर्यंत आहे. ज्या रुंदीत इकॉनॉमीची दहा आसने बसतात, तेथे असे तीनच सूट बसतात. मधल्या सूटला खिडकी नसते, म्हणून बाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले आकाश कृत्रिम खिडकीत दाखवले जाते.

थोडक्यात, पहिल्या वर्गाचा एक प्रवासी इकॉनॉमीतील दहा जणांची जागा घेतो. निव्वळ जागेचा विचार केला, तरी त्याच्याकडून इकॉनॉमीच्या दहापट भाडे मिळाले पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी होते. त्यावर विमानतळावरचे स्वतंत्र दालन, खास स्वयंपाक, जास्तीचे कर्मचारी, ने-आण करणारी मोटार यांचा खर्च वेगळाच. लुफ्तान्साने तर २००४ मध्ये फ्रँकफर्टला पहिल्या वर्गासाठी स्वतंत्र टर्मिनलच बांधले. तेथून प्रवाशाला मोटारीने थेट विमानापाशी नेले जाते.

बिझनेस क्लासचा पलंग मात्र साधारण तीन ते चार इकॉनॉमी आसनांच्या जागेत मावतो. त्याचे भाडे इकॉनॉमीच्या चौपट-पाचपट मिळाले, तरी कंपनीला फायदा होतो. शिवाय ते देणारे ग्राहक कितीतरी अधिक. पहिल्या वर्गाचे सहा सूट भरण्यापेक्षा त्याच जागेत बिझनेस क्लासचे डझन-दीड डझन पलंग भरणे सोपे. पहिल्या वर्गाचे आसन रिकामे राहिले, तर दहा जणांची जागा वाया जाते. बांधकाम व्यावसायिकाला विचाराल, तर तोही हेच सांगेल : अवाढव्य पेंटहाऊस बांधून गिऱ्हाइकाची वाट पाहण्यापेक्षा दोन बेडरूमचे फ्लॅट पटापट विकले जातात.

तिकीट कोण काढते?

स्वतःच्या खिशातून पूर्ण भाडे भरणारा धनाढ्य या वर्गात असतोच; पण सर्वच प्रवासी तसे नसतात. काही आसनांचे पैसे कंपन्या भरतात. २००८च्या जागतिक मंदीनंतर अनेक कंपन्यांनी प्रवासखर्चाला कात्री लावली आणि वरिष्ठांनाही बिझनेस क्लासवर आणले. सरकारी पातळीवरही हेच घडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने काटकसरीचे उपाय जाहीर करताना अधिकाऱ्यांना विमानाच्या पहिल्या वर्गाने प्रवास करण्यास मनाई केली. त्याआधी, सप्टेंबर २००९ मध्ये तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री शशी थरूर यांनी इकॉनॉमीचा 'कॅटल क्लास' असा उल्लेख केल्याने उठलेले वादळ वाचकांना आठवत असेल. विमानातील आसन हा आपल्याकडे केवळ सोयीचा नव्हे, तर सार्वजनिक प्रतिमेचाही प्रश्न असतो.

प्रवाशांचा आणखी एक गट आहे, तो 'माइल्स'वाल्यांचा. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये नियमित प्रवाशांसाठी माइल्स जमा करण्याची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली आणि जगभर तिचे अनुकरण झाले. पुढे कंपन्यांनी हे माइल्स बँकांना विकायला सुरुवात केली. क्रेडिट कार्डावर किराणा भरणारा ग्राहकही आता माइल्स जमवतो. रिकामे जाणारे आसन अशा ग्राहकाला दिले, तर कंपनीचा प्रत्यक्ष खर्च थोडा आणि आकर्षण मोठे. अर्थात, सर्वोत्तम आसने सहजासहजी हाती लागत नाहीत. सिंगापूर एअरलाइन्स आपले ए३८० वरील सूट स्वतःच्या योजनेच्या सदस्यांसाठीच राखून ठेवते. भागीदार कंपन्यांच्या सदस्यांना तेथे प्रवेश नाही.

येथेच पहिल्या वर्गाचा दुसरा उपयोग स्पष्ट होतो. त्याची चित्रे जाहिरातीत झळकतात, त्याच्या चित्रफिती लाखो लोक पाहतात. पाहणारे तिकीट काढतात ते इकॉनॉमीचे. पण त्याच कंपनीचे. दुकानाच्या काचेत मांडलेला शालू विकला गेला नाही, तरी दुकानाची शान वाढवतोच.

आक्रसणारा थाट

आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. सिंगापूर एअरलाइन्सने २०१७ मध्ये ए३८० ची अंतर्गत रचना बदलली, तेव्हा सूट १२ वरून सहावर आले. एमिरेट्सच्या ७७७ मध्ये आठऐवजी सहा झाले. सूट मोठे आणि अधिक आलिशान झाले, संख्या घटली. अमेरिकेत युनायटेडने २०१८ पर्यंत आंतरराष्ट्रीय पहिला वर्ग बंद केला. अमेरिकन एअरलाइन्सनेही २०२२ मध्ये आपला लांब पल्ल्याचा पहिला वर्ग टप्प्याटप्प्याने संपवण्याचे जाहीर केले. कतार एअरवेजने २०१७ मध्ये बिझनेस क्लासमध्येच दार असलेला 'क्यूसूट' आणला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जे पहिल्या वर्गाचे वैभव होते, ते एक पायरी खाली उतरले.

भारतीय कंपन्यांचा अनुभवही वेगळा नाही. जेट एअरवेजने २००७ मध्ये ७७७ विमानांत दरवाजे बंद होणारे आठ सूट दिले. आर्थिक गर्तेत सापडलेली ही कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर आली. एअर इंडियाने आपल्या ७७७-३००ईआर विमानांत पहिल्या वर्गाची चारच आसने ठेवली होती. टाटा समूहाकडे परतल्यानंतर कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये ए३५०-९०० हे विमान सेवेत आणले. त्यात बिझनेस क्लासची २८, प्रीमियम इकॉनॉमीची २४ आणि इकॉनॉमीची २६४ आसने आहेत. पहिला वर्ग नाही.

ज्या विमानाने या थाटाला जागा दिली, त्या ए३८० चे उत्पादनही थांबले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये शेवटचे विमान एमिरेट्सच्या ताब्यात गेले. इतिहादची ए३८० विमाने कोरोनाकाळात उभी राहिली आणि त्यातील काही २०२३ मध्ये पुन्हा उडू लागली.

तरीही हा वर्ग पुरता नामशेष होईल, असे म्हणता येत नाही. लुफ्तान्साने २०२४ मध्ये म्युनिकहून दोघांसाठीच्या बंदिस्त सूटसह नवा पहिला वर्ग सुरू केला. एअर फ्रान्सने २०२५ मध्ये आपला 'ला प्रीमिएर' वर्ग नव्या स्वरूपात आणला. त्यात विमानागणिक चारच आसने. धनिकांचे वास्तव्य असलेल्या मोजक्या शहरांदरम्यान, मोजक्या कंपन्यांच्या मोजक्या विमानांत तो टिकून राहील, असे दिसते.

जे पैशाने मिळत नाही

पहिल्या वर्गाचे तिकीट कितीही महाग असले, तरी काही गोष्टी त्याच्याही आवाक्याबाहेर असतात. विमानातील हवेचा दाब साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतका ठेवलेला असतो. आपले महाबळेश्वर सुमारे साडेचार हजार फुटांवर आहे. म्हणजे प्रवासी रात्रभर महाबळेश्वरहून उंच डोंगरावर बसलेला असतो. हवेतील आर्द्रता अनेकदा २० टक्क्यांहूनही कमी असते. त्यामुळे घसा कोरडा पडतो, झोप चाळवते, जिभेची चव मंदावते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्सासाठी केलेल्या प्रयोगांत कमी दाबाच्या हवेत मीठ आणि साखर कमी जाणवते, असे आढळले. नामांकित बल्लवाचार्यांनी रांधलेले अन्नही आकाशात आपली निम्मी मजा गमावते, ते यामुळेच.

गंमत म्हणजे बोइंग ७८७ किंवा ए३५० यांसारख्या नव्या विमानांत हवेचा दाब सहा हजार फुटांच्या पातळीवर राखता येतो. तेव्हा जुन्या विमानाच्या पहिल्या वर्गात बसलेल्या धनाढ्यापेक्षा नव्या विमानाच्या इकॉनॉमीतील विद्यार्थी अधिक चांगल्या हवेत श्वास घेत असण्याचा संभव आहे.

पर्यावरणाचा हिशेबही चौरस फुटांनीच मांडला जातो. जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासानुसार पहिल्या वर्गातील प्रवाशाच्या वाट्याला येणारे कार्बन उत्सर्जन इकॉनॉमीतील प्रवाशाच्या सुमारे नऊपट असू शकते; बिझनेस क्लासचे सुमारे तिप्पट. प्रवाशाने व्यापलेली जागा आणि रिकाम्या राहणाऱ्या आसनांचे प्रमाण, ही त्यामागची कारणे.

कधीतरी जायचेच असेल तर

आयुष्यात एकदा तरी हा अनुभव घ्यावा, असे कोणाला वाटले तर त्यात गैर काही नाही. मात्र पैसे किंवा जमवलेले माइल्स खर्च करण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. पहिली गोष्ट विमानाची. एकाच कंपनीच्या दोन विमानांतील पहिल्या वर्गात जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. तेव्हा विमान कोणते आणि त्याची आसनरचना नवी की जुनी, हे आधी पाहावे. दुसरी गोष्ट अंतराची. मुंबई-दुबई हा प्रवास जेमतेम तीन तासांचा. पलंग अंथरून होईतो विमान उतरू लागते. हे पैसे रात्रीच्या दहा-बारा तासांच्या उड्डाणातच वसूल होतात. तिसरी गोष्ट नावाची. अमेरिकेतील देशांतर्गत विमानांत 'फर्स्ट क्लास' म्हणजे बहुधा एक रुंद खुर्ची. तिची आंतरराष्ट्रीय सूटशी गल्लत करू नये. आणि चौथी गोष्ट कराची. भारतात इकॉनॉमीच्या तिकिटावर पाच टक्के जीएसटी लागतो. वरच्या वर्गांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून १८ टक्के झाला आहे.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. पहिल्या वर्गात जन्मलेली प्रत्येक सोय कालांतराने मागे सरकली. पलंग बिझनेस क्लासमध्ये आला, मग दारही आले. या प्रवासाला खीळ बसली ती इकॉनॉमीच्या पडद्यापाशी. तेथे समोरचा पडदा मोठा झाला, चित्रपट वाढले. पण जागा वाढली नाही. उलट बोइंग ७७७ मध्ये पूर्वी बहुतेक कंपन्या एका रांगेत नऊ आसने बसवत, तेथे आता दहा बसवतात. विमानाची रुंदी मात्र तेवढीच आहे.

लोकलच्या पहिल्या वर्गाचा पासधारक आणि दुसऱ्या वर्गात लोंबकळणारा चाकरमानी एकाच मिनिटाला चर्चगेटला उतरतात. हीथ्रोवरही तसेच होते. सूटमधला प्रवासी आधी बाहेर पडतो, इकॉनॉमीतला पंधरा मिनिटांनी. पण आदल्या रात्री एकाने ४० चौरस फुटांत पाय पसरलेले असतात, दुसऱ्याने चार चौरस फुटांत गुडघे आवळलेले असतात. तिकिटावरील दोन आकड्यांतला फरक हा त्या ३६ चौरस फुटांचाच असतो.